फुंदी

मत्र्याच्या बाजारात, लोबानाच्या दुकानांमागच्या बोळात
माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल.
झुवेनाबीबींचा नातू तिथं एक आल्बम ठेवून गेला.
घरचा एसी आठ दिवस बंद,
दमट हवेनं तिकिटं एकमेकांना धरून बसली होती.
"आजी म्हणते, हे काम चिमटा धरणाऱ्याचं."

मी घड्याळजी. पोस्टाच्या तिकिटांतलं मला काय कळतं?
पण रमजानात दुपारी गिऱ्हाईक येतं कुठे.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या,
नजर जवळजवळ गेलेली. स्टूल चाचपून बसल्या, म्हणाल्या,
"फुंदी, पोले पोले."
कारागिरा, सावकाश. झांझिबारची बोली.
(इथल्या चिल्लरीला बैसा म्हणतात.
बावीस वर्षं झाली, तरी नाणं तळहातावर पडलं
की वाटतं, जुन्या वळणाचं कुणी म्हणतंय,
बैसा. बैसा जरा.)

ताटलीत कोमट पाणी घेतलं.
डिंक सुटला की तिकीट सायीसारखं वर येतं.
उचलून टीपकागदावर ठेवायचं
आणि दिसेल ते त्यांना सांगायचं.

"माकड आहे. पाठ तांबडी, कपाळावर केस विस्कटलेले."
"शेपूट?"
"चौकटीबाहेर गेलीय."
"तशीच असते. मावत नाही."

"शिडाची होडी."
"वारा कुठून?"
भिंग फिरवलं. शीड डावीकडे फुगलेलं.
"उजवीकडून."
"मग ती परत निघालीय."
कुठे परत, ते मी विचारलं नाही.

"मनोरा. खाली मशीद."
"त्याच्यामागे आमची गल्ली. चित्रात नाही येत."

"एक फांदी, टोकाला कळ्यांचे झुबके."
"करनफुल!"
लवंगेला त्या करनफुल म्हणतात.
आणि मला आठवली बायकोची कर्णफुलं,
जी मोडून मी
इकडचं तिकीट काढलं होतं.

मग एक आलं, सुलतानाच्या चेहऱ्याचं,
चेहऱ्यावर काळा शिक्का, एका टोकाला फासलेला.
"जम्हुरी लिहिलंय?"
"हो. तिरकं."
"तिरकंच असणार. सुलेमान डावखुरा."

सुलेमान धाकटा भाऊ, पोस्टात कारकून.
राज्य उलटलं तेव्हा नवी तिकिटं छापायला सवड नव्हती,
जुन्याच गठ्ठ्यांवर तो रात्रभर रबरी शिक्के मारत बसला,
ज्या तसबिरीखाली रोज डबा खायचा
त्याच तोंडावर, ठप, ठप.
सकाळी बोटं काळी घेऊन घरी आला.
बीबी काही दिवसांनी पोराला घेऊन बोटीत चढल्या.
तो आला नाही.
"नोकरी होती ना," त्या म्हणाल्या. एवढंच.

पुढची तिकिटं त्याच्या पत्रांवरची.
पत्रं फोडली जायची, म्हणून आत एकच ओळ,
आम्ही ठीक आहोत.
"पण तिकीट निवडून लावायचा.
माकड म्हणजे पोरं बरी.
लवंग म्हणजे पैसे पोचले."
"असं ठरलं होतं तुमचं?"
त्या जरा थांबल्या. "मी ठरवलं होतं."

पाण्यातून कासव आलं. मागोमाग आणखी एक. मग तिसरं.
"कासवाचं काय?"
"कासवाचं काही ठरलं नव्हतं.
शेवटची तिन्ही पत्रं कासवाची."

तिसरं उचलताना माझ्या हातून फाटलं.
बावीस वर्षांत केसासारखी स्प्रिंग कधी मोडली नाही,
आणि इथे दात्यांपासून कासवाच्या मानेपर्यंत चीर.
मी गप्प राहिलो. भिंतीवर चाळीस घड्याळं चालू होती,
त्यांत एवढासा आवाज कुणाला ऐकू जातो?

"पोले," त्या म्हणाल्या.
एकदाच.

संध्याकाळी नातवाला विचारलं.
दोनदा म्हटलं की सावकाश, तो म्हणाला.
एकदा म्हटलं की, तुझं काही गेलं, मला वाईट वाटतं.

कासव अजून माझ्याकडे आहे,
पालथं, टीपकागदावर. वाळलंय केव्हाच.
डिंक आणायचा राहून जातो.